मशीन घ्यावं की सिस्टर?

गेल्या रविवारी मनूचा फोन आला. मनू म्हणजे माझी भाची. तिच्या लेकीच्या शाळेच्या पालक समितीवर ती आहे आणि समितीकडे यंदा चक्क पैसे उरलेत. (उरलेत म्हणजे स्नेहसंमेलनाचा मांडव एका पालकाने फुकट घालून दिला, म्हणून.) तर त्या पैशांचं काय करायचं यावर दोन तट पडले आहेत. एका तटाचं म्हणणं, मुलींच्या स्वच्छतागृहाशेजारी पॅडचं मशीन बसवूया. नाणं टाकलं की पॅड बाहेर. शिवाय उद्घाटन होतं, फोटो निघतो. दुसऱ्या तटात मनू आणि अजून एक बाई, अशा दोघीच. त्या म्हणतात की एखादी नर्स अर्ध्या दिवसासाठी नेमू.

"मावशी, तू नऊ वर्षं शाळेत होतीस. तुझं काय मत?"

"नर्स," मी म्हटलं.

"ते मला माहीत होतं गं. पण शनिवारी मीटिंग आहे, मला कारणं सांग."

फोनवर सांगायला लागले आणि मागे कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या, विषय तिथेच राहिला. म्हणून इथे लिहिते. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही. माईआत्या, तू वाचत असशील तर या लेखात पाळी हा शब्द बऱ्याच वेळा येणार आहे, आधीच सांगून ठेवते.

तुमच्यापैकी नात्यातल्यांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगते. मी पंचवीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होते. रात्रपाळ्यांनी गुडघे आणि झोप दोन्हींची वाट लावल्यावर २००५ साली एका मुलामुलींच्या शाळेत 'सिक रूम'ची नोकरी घेतली. पगार निम्मा, पण रात्री घरी. सिक रूम म्हणजे जिन्याखालची खोली. एक लोखंडी कॉट, वजनकाटा, गरम पाण्याची पिशवी, औषधांचं कपाट आणि एक जाडजूड रजिस्टर. माझ्या आधी ते रजिस्टर शाळेतले मावशी आणि शिपाई मिळून भरायचे. त्यात तारीख, नाव, इयत्ता आणि तक्रार असे रकाने. तक्रारीच्या रकान्यात निम्म्या ठिकाणी एकच मजकूर: 'पोट दुखते. घरी पाठवले.'

मी आले तरी पहिले काही महिने तेच चाललं. हॉस्पिटलात माणूस येतो तो निदान काय होतंय ते सांगायला येतो. शाळेतली मुलगी येते ती न सांगण्यासाठी येते, हे मला कळायला वेळ लागला. ती दारात उभी राहणार, स्वेटर कमरेला बांधलेला असणार, सोबत एक मैत्रीण असणार आणि बोलणार ती मैत्रीणच. "सिस्टर, हिच्या पोटात दुखतंय." आपण विचारायचं, "पाळी आली आहे का?" की दोघी जमिनीकडे बघणार. मग मी विचारायचं सोडून दिलं. पॅड कपाटाच्या खालच्या कप्प्यात, पडद्यामागे ठेवले आणि सांगून टाकलं की हवं तेव्हा घ्या, मला विचारू नका, फक्त जाताना रजिस्टरात नावापुढे एक टिंब द्या. हे टिंब कुणाला कळायचं नाही, फक्त मला आणि त्यांना.

त्या टिंबांचीच ही गोष्ट आहे.

आठवीत एक मुलगी होती. नाव सांगत नाही. अभ्यासात बरी, खो-खोच्या संघात होती, मग तिने खेळ सोडला. वर्गशिक्षिकांचं तिच्याबद्दलचं मत पक्कं होतं: "नाटकं आहेत, सिस्टर. गणिताचा तास असला की हिचं पोट दुखतं." मी ते मानलंही, खोटं कशाला बोलू. हॉस्पिटलात इतकी खरी दुखणी बघितलेली असतात की शाळेतली पोटदुखी आपल्याला पोटदुखी वाटतच नाही. पुढे एकदा सहामाही परीक्षेत पोरं वर्गात आणि मी रिकामी, म्हणून रजिस्टर चाळत बसले आणि या मुलीची टिंबं मोजली. बाकीच्या मुलींची टिंबं महिन्याला एक-दोन. हिची एका महिन्यात नऊ. सलग सात-आठ दिवस, मग दहा-बारा दिवस मोकळे, की पुन्हा सुरू. आधीच्या महिन्यातही तसंच. त्याच्या आधीही.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिले. कागदासारखे पांढरे. जिना चढताना धाप लागते का विचारलं, तर म्हणाली, "सगळ्यांनाच लागते ना?" मग मी विचारलं, दात घासताना रक्त येतं का? हो. लहानपणी घोळणा फुटायचा का? हो, सारखाच. आई आली, तिलाही विचारलं. बिचारी माऊली अगदी सहज म्हणाली, "आमच्या घरात सगळ्यांचीच अशी असते हो. माझीही दहा दिवस चालते. माझी आई तर बाळंतपणात रक्त जाऊन गेली."

ते ऐकल्यावर मात्र माझ्या अंगावर काटा आला. हिमोग्लोबिन तपासलं तर ५.८. त्या वयाच्या मुलीचं बारा तरी हवं. भरती करून रक्त द्यावं लागलं. पुढे मोठ्या शहरात तपासण्या झाल्या आणि निदान निघालं व्हॉन विलब्रँडच्या आजाराचं. रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन कमी असतं किंवा नीट काम करत नाही, आणि हा आजार घराण्यातून चालत येतो. म्हणजे आई खोटं बोलत नव्हती. त्यांच्या घरात खरोखरच सगळ्यांची 'अशी' असायची. तीन पिढ्यांना तेच रीतीचं वाटत होतं, कारण तुलना करायला दुसरं काही कुणी सांगितलंच नव्हतं. मुलीला पाळीच्या दिवसांत घ्यायच्या गोळ्या मिळाल्या, लोह सुरू झालं आणि आईचीही तपासणी झाली. नववीत पोरगी पुन्हा मैदानावर दिसायला लागली.

हे सांगताना मला कौतुक करून घ्यायचं नाहीये, कारण ती टिंबं माझ्या नाकासमोर दोन सत्रं पडून होती आणि मी ती पाहिली नव्हती. पण मनू, तुझ्या मीटिंगसाठी मुद्दा हा आहे की मशीनने तिला दर महिन्याला नऊच काय, वीसही पॅड इमानेइतबारे दिले असते. "गेल्याच आठवड्यात नेलं होतंस ना गं?" असं मशीन विचारत नाही.

आकडे हवे असतील तर हेही सांग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे पंधरा ते चोवीस वयाच्या मुलींमध्ये पाळीसाठी स्वच्छ साधनं वापरणाऱ्यांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये शंभरात सुमारे ५८ होतं, ते २०१९-२१ मध्ये ७७ वर गेलं. फार चांगली गोष्ट. त्याच काळात पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींमधला रक्तक्षय मात्र ५४ वरून ५९ टक्क्यांवर गेला. एकामुळे दुसरं झालं असं अर्थातच नाही, रक्तक्षयाला आहारापासून जंतांपर्यंत शंभर कारणं. पण पॅड पोचलं म्हणजे मुलीचं आरोग्य पोचलं, हा जो आपला समज आहे ना, तो तेवढा या दोन आकड्यांपुढे टिकत नाही.

आता 'वार्षिक व्याख्याना'बद्दल. आमच्याकडे दरवर्षी एखाद्या कंपनीच्या बाई यायच्या. मुलांना मैदानावर पिटाळायचं, हॉलच्या खिडक्या लावून घ्यायच्या, पडद्यावर गर्भाशयाचं गुलाबी चित्र, मग निळं पाणी ओतून पॅड किती शोषतं त्याचं प्रात्यक्षिक. शेवटी "काही प्रश्न?" हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल. मग प्रत्येकीला एक पाकीट आणि सुट्टी. बाहेर मुलं वाट बघत असायचीच, "काय दिलं गं, काय दिलं?" आणि मुली पाकिटं दप्तरात कोंबत पळायच्या. एका तासात आपण दोन्ही बाजूंना काय शिकवलं? मुलींना, की हे लपवायचं असतं. मुलांना, की यात काहीतरी चेष्टा करण्यासारखं आहे.

म्हणून मी एक पुठ्ठ्याची पेटी ठेवली. नाव न लिहिता चिठ्ठी टाका. पहिल्या आठवड्यात तीन चिठ्ठ्या आल्या आणि त्यातल्या दोन सिनेमाच्या होत्या. महिन्याभरात पेटी भरायला लागली. काही प्रश्न मी वहीत उतरवून ठेवलेत. 'केस धुतले तर रक्त डोक्यात जातं हे खरं का?' 'दीड महिना झाला आली नाही, मी काही केलं नाही तरी असं होतं का?' 'कपडा वापरला तर आजार होतो का? आमच्याकडे पॅड आणत नाहीत.' 'शाळेत पॅड कुठे टाकायचं, डबाच नाही.' आणि माझा सगळ्यात आवडता: 'आजी चार दिवस बाजूला बसवते तेव्हा काम सांगत नाहीत आणि अभ्यास चांगला होतो, तर ते चालू ठेवावं का?'

याचं उत्तर द्यायला मला त्रास झाला, कारण मीही त्याच अनुभवाची. १९७१ साली मला पाळी आली तेव्हा आजीने "कावळा शिवला" म्हणून मागच्या पडवीत चटई टाकून दिली, वेगळं ताट, वेगळा तांब्या. मी त्या चार दिवसांत माळ्यावरचे सगळे जुने दिवाळी अंक वाचून काढले. माझं वाचन पडवीत झालं असं मी गमतीने म्हणते खरी. पण पाचव्या दिवशी शाळेत गेले तेव्हा सगळ्या वर्गाला माहीत असायचं की ही चार दिवस कुठे होती, हेही आठवतं. पणजीच्या वेळी तर न्हाण आलं की मखरात बसवायचे, हळदीकुंकू व्हायचं, साऱ्या गावाला बातमी. कुठे तो गाजावाजा आणि कुठे ते काळ्या पिशवीत गुंडाळलेलं पाकीट! दोन्हींत मुलीला कुणी काही विचारत नाही, एवढं साम्य आहे.

चिठ्ठ्यांची उत्तरं मी सोमवारी मधल्या सुट्टीत द्यायचे. त्यात काही पांडित्य नव्हतं. पहिली दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, घाबरू नका. पण सात दिवसांपेक्षा जास्त चालली, तासा-दोन तासांत पॅड भिजायला लागलं, एकवीस दिवसांच्या आत पुन्हा आली किंवा तीन महिने आलीच नाही, तर मला सांगा किंवा घरी सांगून डॉक्टरकडे जा. कपडा वाईट नाही. सुती असावा, साबणाने धुवून उन्हात कडकडीत वाळवावा. पलंगाखाली अंधारात वाळवायचा नाही. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, कोरडं वाटलं तरी. थोडं दुखणं असतं, पण दर महिन्याला शाळा बुडेल इतकं दुखणं 'बाईच्या जातीला असतंच' म्हणून सोसायचं नाही, त्यावर औषध असतं. बस. एवढंच.

२००७ साली राज्यात शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि सरकारने तो अभ्यासक्रम थांबवला, आठवत असेल. त्या वेळी आमच्या शाळेतही वरून निरोप आला, ती पेटी काढून टाका. मी म्हटलं, अहो, यात लैंगिक काय आहे, डबा नाही म्हणून पोरगी विचारतेय. पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. पेटी मी व्हरांड्यातून उचलली आणि सिक रूममध्ये कॉटखाली ठेवली. चिठ्ठ्या कमी झाल्या, बंद नाही झाल्या. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढलं, त्याच महाराष्ट्रात ऐंशी वर्षांनी मी कॉटखाली पेटी लपवत होते. असो.

शाळेत नर्स ही कल्पना काही परवाची नाही. लंडनमध्ये १८९२ साली एक नर्स शाळेत जायला लागली होती. न्यूयॉर्कमध्ये १९०२ च्या ऑक्टोबरात लीना रॉजर्स नावाच्या नर्सला चार शाळांमध्ये महिनाभर प्रयोग म्हणून पाठवलं. तोवर डॉक्टर येऊन डोळे आलेली, उवा-नायटे झालेली मुलं शोधायचे आणि घरी पाठवून द्यायचे. ती मुलं घरी बसून राहायची, कारण पुढे काय करायचं ते कुणी सांगत नव्हतं. लीनाबाईंनी शाळेतच औषध लावलं आणि संध्याकाळी मुलांच्या घरी गेल्या. प्रयोग इतका जमला की शहराने आणखी नर्सा नेमल्या. 'पोट दुखते. घरी पाठवले' हा रोग किती जुना आहे बघा, आणि त्यावरचा उपायसुद्धा.

आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०११ पासून केंद्राच्या योजनेत आशाताईंकडून सहा रुपयांत सहा पॅड मिळायला लागले. २०१८ च्या महिला दिनी राज्यात अस्मिता योजना आली, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना पाच रुपयांत आठ. त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटी गेला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही येतं, त्यात दोन डॉक्टर, एक फार्मासिस्ट आणि एक नर्स असते. त्याची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरहून झाली. पण ते पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. मुलगी मंगळवारी अकरा वाजता दारात उभी राहते, तिला 'पथक जानेवारीत येईल' असं सांगून कसं चालेल?

"हे काम बाई करतीलच की, पगार कशाला?" असं तुझ्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणार. शिक्षिकांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्याकडे साठ पोरं, निवडणुकीची कामं आणि पेपरांचे गठ्ठे. शिवाय ज्या बाई गणितात नापास करू शकतात, त्यांच्याकडे मुलगी डाग दाखवायला जात नाही. सिस्टरच्या हातात मार्क नसतात, यातच तिची अर्धी ताकद आहे.

आणि शाळेत या विषयाचं ज्ञान असलेलं माणूस नसलं की काय होतं, ते जुलै २०२५ मध्ये शहापूरला दिसलं. स्वच्छतागृहात रक्ताचे डाग सापडले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींना गोळा करून विचारणा झाली, आणि काहींना कपडे उतरवून तपासलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली. मी ती बातमी तीनदा वाचली. डाग! फरशीवरचे डाग. पाण्याची बादली आणि एक झाकणाचा डबा एवढ्यात मिटणारी गोष्ट. मला राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. कारण ज्यांनी हे केलं त्याही बायकाच होत्या, त्यांनाही कधीतरी पाळी आली असणार, आणि त्यांच्याही शाळेत तेव्हा कुणी काही सांगितलं नसणार.

माझ्या शाळेचं पुढे काय झालं ते मनूला माहीत आहे, बाकीच्यांना सांगते. २०१४ साली मी निवृत्त झाले. माझ्या जागी कुणाला घेतलं नाही. त्या पैशांत मशीन बसवलं, हार घालून. दोन वर्षांनी एका कार्यक्रमाला गेले होते तेव्हा मुद्दाम बघून आले. मशीन रिकामं. नाणं अडकलेलं. भरणार कोण, तर किल्ली ऑफिसातल्या क्लार्ककडे, आणि ते गृहस्थ. आता कुठली मुलगी त्यांच्यापुढे जाऊन किल्ली मागणार? सिक रूममध्ये क्रीडासाहित्य ठेवलं होतं. रजिस्टर कुठे गेलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मशीनला माझा विरोध नाही, हे मनू तू नक्की सांग. सुट्टीच्या घाईत, कुणाशी न बोलता पॅड मिळणं ही मोठी सोय आहे. लाजऱ्या मुलीला तर फारच. पण क्रम चुकवू नका. आधी संडासाच्या दाराला आतून कडी, नळाला पाणी, झाकणाचा डबा आणि तो रोज रिकामा करणाऱ्या मावशींना हातमोजे. यातलं काही महाग नाही. मग अर्ध्या दिवसाची नर्स. शेजारच्या शाळेला विचारून बघा, सकाळी तुमच्याकडे आणि दुपारी त्यांच्याकडे अशी वाटून घेतली तर खर्च निम्मा होईल. माझ्यासारख्या निवृत्त झालेल्या आणि घरी बसून कंटाळलेल्या कितीतरी सिस्टर असतात, जाहिरातसुद्धा द्यावी लागणार नाही. तिला बसायला पडदा असलेली खोली द्या. मुलांशीही बोलू द्या, वेगळं नव्हे, एकत्रच. आमच्या शाळेत शेवटच्या दोन वर्षांत मी ते केलं. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर खिदळणं झालं. महिन्याभराने त्याच बाकावरचा एक मुलगा येऊन हळूच म्हणाला, "सिस्टर, ताईला फार दुखतं, गरम पाण्याची पिशवी कुठे मिळते?" मी दुकानाचं नाव सांगितलं.

आणि समितीचं बहुमत मशीनच्याच बाजूने गेलं, तर भांडू नकोस. तुझी लेक त्याच शाळेत शिकते आहे. फक्त ठराव लिहिताना एवढं विचार की ते भरणार कोण आणि किल्ली कुणाकडे राहणार. उत्तर आलं की मला फोन कर, कुकर लावायच्या आधी.